रंग निघावा, अक्षर राहावं



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक ३८.

गेले चार दिवस इथं काही लिहिलं नाही. काहींनी मेसेज करून विचारलंत, आभार. मी अमळनेरला घरी होतो. वैशाख शुद्ध एकादशीला सखाराम महाराजांचा रथ निघतो आणि बोरीच्या पात्रात यात्रा भरते. पुण्यात कितीही डेडलाइन असली तरी या दिवसांत मी घर चुकवत नाही. यंदा मात्र रथ ओढून झाल्यावर आणखी एका गाडीनं मला अडकवून ठेवलं. तिच्यामुळेच हा श्लोक मला नव्यानं वाचावा लागला.

आधी श्लोकाकडे येऊ. तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी अर्जुन फार प्रामाणिक प्रश्न विचारतो. माणसाला इच्छा नसताना, कुणीतरी जबरदस्तीनं ढकलल्यासारखं तो पाप करतो, ते कशामुळे? भगवंत उत्तर देतात की काम आणि क्रोध यांच्यामुळे. आणि लगेच पुढच्या श्लोकात तीन दाखले देतात. धुरानं अग्नी झाकतो, मळानं आरसा झाकतो, वारेनं गर्भ झाकतो, तसं या कामक्रोधानं ज्ञान झाकलेलं आहे.

इथं 'झाकलेलं' हा शब्द आहे. नाहीसं झालेलं, जळून गेलेलं असं म्हटलेलं नाही. मी हा श्लोक कित्येकदा म्हटला असेल, पण या शब्दावर कधी थांबलो नव्हतो.

आता ती गाडी. आमच्या आप्पांची, म्हणजे आजोबांची, १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी. तुमच्यापैकी अनेकांनी ती फक्त जुन्या सिनेमात किंवा मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत पाहिली असेल. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी निघायची. मूळ बांधणी इटलीच्या फियातची, म्हणून नाव पद्मिनी झालं तरी आमच्याकडे तिला शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणत. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. त्या दिवशी सगळ्यांनी तिचे फोटो टाकले होते. मीही टाकला होता, खाली 'आठवणी' असं लिहून. आमची स्वतःची पद्मिनी तेव्हा अमळनेरच्या घराच्या पडवीत धूळ खात उभी होती, आणि तिच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. असो.

आप्पा आडतीचा धंदा करायचे. गाडी घेतली तेव्हा ती दुधाळ रंगाची होती. शोरूमवाल्यांनी डिकीच्या डाव्या कोपऱ्यात आपल्या नावाचं एक छोटं निळं ट्रान्सफर लावलं होतं, जुन्या पद्धतीचं, पाण्यात भिजवून कागदावरून सरकवत चिकटवायचं. शिवाय चालकाच्या दाराच्या आतल्या कडेला ऑइल बदलल्याची नोंद ठेवायचं स्टिकर होतं. त्यावर किती किलोमीटरला ऑइल बदललं आणि पुढचं कधी बदलायचं, हे आप्पा स्वतःच्या हातानं लिहायचे.

२००३ मध्ये गाडी पुन्हा रंगवली गेली. रंगाऱ्यानं ना मास्किंग टेप लावली, ना जुना रंग नीट घासला. सरसकट स्प्रे मारला. डिकीवरचं नाव गेलं, दाराच्या कडेवरचं स्टिकर गेलं, रबरं आणि काचांच्या कडांवरसुद्धा पांढरे शिंतोडे. पुढच्याच वर्षी आप्पा गेले. तेव्हापासून माझ्या डोक्यात एक पक्कं बसलं होतं : नानांनी, म्हणजे वडिलांनी, आप्पांची गाडी बिघडवली. पैसे वाचवायला स्वस्तातला रंगारी धरला आणि आप्पांची खूण पुसून टाकली.

हे मी मनात ठेवलं असतं तर एकवेळ चाललं असतं. पण गेल्या दिवाळीत जेवताना कशावरून तरी विषय निघाला आणि मी बोलून गेलो. "नाना, तुम्हाला आप्पांची एक वस्तू धड सांभाळता आली नाही." नाना काही बोलले नाहीत. ताटावरून उठले. त्यानंतर सहा महिने फोनवर आमचं बोलणं फक्त 'तब्येत बरी ना?' आणि 'हो' एवढंच.

आणि याच सहा महिन्यांत मी इथं रोज गीतेवर लिहीत होतो. हे तुम्हाला सांगायला लाज वाटते, पण सांगायला हवं.

तर यंदा ठरवून गेलो होतो की तो रंग काढायचा. इंटरनेटवर दहा-बारा व्हिडिओ पाहिले होते. बाजारातून थिनरची बाटली आणि कापूस आणला. सकाळी नाना वाडी संस्थानात दर्शनाला गेलेले असताना मी डिकीशी बसलो. थिनरमध्ये कापूस बुडवला, जिथं ते नाव असणार तिथं दाबून धरला आणि घासला. वरचा रंग सुरकुतायला लागला. मला आनंद झाला. आणखी जोरात घासलं. खाली निळं दिसलं. अजून थोडं, असं म्हणून पुन्हा घासलं.

कापूस उलटून पाहिला तर तो निळा झाला होता.

अर्ध नाव कापसावर आलं होतं. जे वीस वर्षं रंगाखाली सुखरूप होतं, ते मी वीस सेकंदांत पुसलं. रंगाऱ्यानं ते झाकलं होतं, घालवलं मी.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाचे म्हातारे मिस्तरी आले. आप्पांच्या काळापासून ही गाडी त्यांच्याच हातात. त्यांनी बाटलीचा वास घेतला आणि अहिराणीत म्हणाले, "काय करी राह्यना भो? रंग निंघी जाई, पन अक्षरबी संगेच जाई." म्हणजे रंग निघेल रे, पण त्याच्यासोबत अक्षरही जाईल.

मग त्यांनी मला खाली बसवलं आणि जे शिकवलं ते मी जसंच्या तसं देतो. कुणाच्या घरी जुनी गाडी असेल तर उपयोगी पडेल, नसेल तरी पडेल.

पहिली गोष्ट, वर काय चढलंय ते आधी ओळख. नुसती धूळ आणि चिकटा असेल तर कोमट साबणपाणी पुरे. स्प्रेचे उडालेले बारीक तुषार असतील तर रबिंग कंपाउंड मऊ फडक्यावर घेऊन हलक्या हातानं फिरवायचं. पूर्ण थर असेल तर काम वेगळं. दुसरी गोष्ट, थिनर रंगाला ओळखत नाही आणि अक्षरालाही ओळखत नाही, त्याला दोन्ही सारखेच. म्हणून कुठलंही औषध आधी लपलेल्या कोपऱ्यात लावून बघायचं. तिसरी गोष्ट, गुळगुळीत जागा न घासता तिच्यावर रंग मारला असेल तर त्यानं नीट धरलेलं नसतं. तो विरघळवायची गरजच नाही. थोडी ऊब द्यायची, प्लास्टिकच्या कार्डाची कड आडवी घालायची, तो आपोआप पापुद्र्यानं सुटतो. लोखंडी पातं लावायचं नाही. आणि शेवटची गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली : कुठं थांबायचं हे ठाऊक नसेल तर सुरूच करायचं नाही.

हे ऐकताना मला श्लोकातले ते तीन दाखले आठवले. मी आजवर समजत होतो की भगवंतांनी एकच गोष्ट तीनदा सांगितली. तसं नाही. धूर, मळ आणि वार, तिन्ही झाकतात, पण तिन्ही दूर करायची रीत वेगळी. धूर फुंकरीनं हटतो. आरशावरचा मळ हातानं पुसावा लागतो. आणि गर्भावरची वार? ती ना फुंकायची, ना पुसायची. दिवस भरू द्यायचे असतात. तिथं घाई करणारा गर्भालाच मारतो. टीकाकार या तिन्हींची सांगड सत्त्व, रज आणि तम यांच्याशी घालतात. मला मात्र त्या दिवशी एवढंच कळलं की मी तिन्हीवर एकच थिनर ओतत होतो.

ज्ञानेश्वर माउली या ठिकाणी आणखी दाखले देतात. चंदनाच्या मुळाशी सापानं विळखा घालावा, तसं हे ज्ञान वेढलेलं असतं, असं ते सांगतात. आणि पुढं खास शेतकऱ्याच्या घरातला दाखला येतो : बी निपजतं तेच मुळी कोंड्यात गुंडाळलेलं. कोंड्याशिवाय नुसतं बी शेतात कुणी पाहिलंय का? आम्ही खान्देशातली माणसं, ज्वारी-बाजरी उफणताना पाहिलेली. कणसातून दाणा पिकेपर्यंत त्याला कोंड्यानंच सांभाळलेलं असतं. पिकल्यावर मात्र उफणावं लागतं. म्हणजे आवरण हा दर वेळी शत्रू असतोच असं नाही. त्याची वेळ संपलेली असते, इतकंच.

याची खूण आपल्या दारातच आहे. खान्देशातल्या कितीतरी घरांची कुलस्वामिनी वणीची सप्तशृंगी. चैत्रात आमच्याकडून लोक उन्हातान्हात गडावर पायी जातात. २०२२ च्या पावसाळ्यात देवीचं मंदिर काही आठवडे दर्शनाला बंद होतं. मूर्तीवर साठलेला शेंदराचा थर जाणकारांच्या देखरेखीत काढला गेला. एक हजार किलोहून जास्त शेंदूर निघाला. आत कड्यात कोरलेली अठरा हातांची मूर्ती तिच्या मूळ रूपात दिसू लागली, आणि नवरात्रात भक्तांनी ते रूप पाहिलं.

आमच्या आजीनं आयुष्यभर शेंदरातली आई पाहिली होती. मोबाइलवर नवा फोटो दाखवला तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ही तर आधीपासून अशीच होती. आपण पाहिली नव्हती."

मंडळी, तो शेंदूर कुणी लावला होता? शत्रूनं नाही. पिढ्यान्‌पिढ्या भक्तीनं, प्रेमानं, चिमूट चिमूट करून वाढलेला तो थर होता. आणि काढणाऱ्यांच्या मनात लावणाऱ्यांबद्दल राग नव्हता. असता तर हात जड पडला असता आणि पाषाणाला इजा झाली असती.

दुसरं उदाहरण तर आपल्या वारकऱ्यांच्या घरचंच. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. पुढं जवळजवळ तीनशे वर्षं ती हातानं उतरवली जात होती. उतरवणाऱ्यांच्या हातून पाठ बदलले, चुका शिरल्या, कुणी आपल्या पदरच्या ओव्याही घातल्या असतील. नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ ला, प्रती ताडून पाहत ज्ञानेश्वरी शुद्ध केली. एकनाथ स्वतः केवढे कवी! एखाद्या ठिकाणी अक्षर अंधूक दिसलं तर त्यांना तिथं आपली ओवी सहज लिहिता आली असती. त्यांनी ते केलं नाही. उलट बजावून ठेवलं की माउलींच्या ओव्यांत जो आपली भर घालील, त्यानं अमृताच्या ताटात नारळाची रिकामी करवंटी ठेवली असं समजावं. वरचा रंग काढायचा, पण आपला नवा रंग चढवायचा नाही. ज्याला नेमकं कुठं थांबायचं हे कळतं, तोच शुद्ध करू शकतो.

आता दाराच्या कडेवरच्या स्टिकरकडे येतो. डिकीवरची चूक झाल्यावर माझी हिंमत होत नव्हती. मिस्तरी म्हणाले, हे तूच कर. दुपारी ऊन दारावर आलं, पत्रा जरा तापला. जुन्या बंद पडलेल्या एटीएम कार्डाची कड घेतली आणि एका कोपऱ्यातून सरकवली. तांदळाएवढा पापुद्रा निघाला. मग आणखी एक. मधे जिथं अडलं तिथं ओला कपडा दहा मिनिटं ठेवला. मनात नाम चालू होतं, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. हात घाई करायला लागला की नाम तुटायचं, नाम तुटलं की कळायचं हात घाई करतोय. तळहाताएवढ्या जागेला अडीच तास लागले.

मग एक चकचकीत पारदर्शक पट्टी लागली. मी तिचंही टोक उचलायला नख घातलं, तर मिस्तरींनी हात धरला. "थांब. ती आप्पांची आहे."

आप्पांनी त्या स्टिकरवर चिकटपट्टी लावून ठेवली होती, तेलकट हातांनी अक्षर पुसू नये म्हणून. रंग पट्टीवर बसला होता, अक्षरावर नाही. पट्टी पिवळी पडलेली, तरी खालचं दिसत होतं. आडतीच्या वहीच्या प्रत्येक पानावर लिहायचे तसं वर 'श्री'. खाली किलोमीटरचा आकडा. आणि त्याखाली पेन्सिलीनं : 'पुढचे ऑइल लग्नाआधी. गाडीला रंग देणे. नानास सांगितले.'

मी ते तीन-चारदा वाचलं.

२००३ मध्ये आत्याचं लग्न होतं. संध्याकाळी नाना ओट्यावर बसले होते, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "आप्पा तेव्हा अंथरुणाला खिळलेले. म्हणाले, पोरीच्या लग्नात गाडी नवी दिसली पाहिजे. लग्नाच्या खर्चात हातात किती उरलेत ते मलाच ठाऊक होतं. जो रंगारी परवडला तो आणला. खाटेवरून खिडकीतून गाडी पाहिली आणि हसले. मला तेवढं पुरलं."

वीस वर्षं हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दिवाळीत मी ताटावर बोललो तेव्हाही नाही.

मी माफी मागितली. फार काही नाट्यमय झालं नाही. नाना म्हणाले, "चहा गार होतोय." पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर ते स्वतः साबणपाण्याची बादली घेऊन काचेच्या कडेवरचे शिंतोडे काढत बसले होते. मी शेजारी बसलो. दोन तास आम्ही फारसं बोललो नाही, पण ते गप्प बसणं आधीच्या सहा महिन्यांसारखं नव्हतं.

डिकीवरचं अर्ध नाव मात्र गेलं ते गेलंच. कुणीतरी सुचवलं, फोटोवरून तसंच नवं छापून घे. घेणार नाही. ती अर्धी अक्षरं मला पुरेत, माझ्या हाताची आठवण म्हणून.

आता पुन्हा अर्जुनाच्या प्रश्नाकडे. इच्छा नसताना माणूस ढकलल्यासारखा का वागतो? मला माझ्या वडिलांना दुखवायचं होतं का? नव्हतं. पण क्रोधाचा थर इतका सरसकट बसला होता की खाली काय लिहिलंय ते वाचताच येत नव्हतं. आणि त्या थराला मी छान नाव दिलं होतं : आप्पांवरचं प्रेम. कामक्रोधाचं हेच अवघड आहे. ते आपल्या स्वतःच्या रंगात येत नाहीत. ते गाडीच्याच रंगात येतात, म्हणून थर चढलाय हे कळतच नाही.

आपल्या वयाच्या लोकांना दोन सवयी असतात, मलाही आहेत. एक तर वरून नवा रंग मारायचा : नवी माळ, नवा डीपी, नवं रील, आणि आतलं तसंच. नाहीतर चिडून सगळंच खरवडायचं : घरची रीत खोटी, आईवडिलांची भक्ती अडाणी, सगळं पुसा. पहिल्यात अक्षर झाकलेलं राहतं, दुसऱ्यात अक्षरच जातं. भगवंत दोन्ही सांगत नाहीत. ते म्हणतात, ज्ञान आत आहे, शाबूत आहे. तुला ते तयार करायचं नाही. वरचं ओळख, ज्याला फुंकर हवी त्याला फुंकर दे, ज्याला पुसायचं ते पूस, जे पिकायचंय त्याला वेळ दे. आणि 'श्री' दिसला की थांब.

आजचा अभ्यास : घरातल्या एका माणसाविषयी तुमच्या मनात जे जुनं, पक्कं मत आहे, ते आज समोर घ्या. त्यावर लगेच थिनर ओतू नका, भांडू नका, निकालही देऊ नका. फक्त एक कोपरा उचला. त्या माणसाला एक प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे असं तुम्ही इतकी वर्षं समजत होतात. उत्तर येईपर्यंत नाम घ्या.

उद्या श्लोक ३९ पाहू.

राम कृष्ण हरी!